माझे अठरा दात कुणी नेले?

मी एक जुनी डोंगरी सायकल आहे आणि स्वभावाने संशयी आहे. मित्रांनो, जन्मापासून मी अशी नव्हते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला एकवीस गिअर होते, अंगावर निळा रंग होता आणि जगातल्या प्रत्येक हातावर माझा विश्वास होता.

मला विकत घेतलं टाकीवाल्या बाईंनी. टेकडीवर पाण्याची मोठी टाकी आहे. रोज सकाळी तिथे जायचं, पाण्याची पातळी बघायची, झडपा तपासायच्या, हे त्यांचं काम. त्यांची धाकटी बहीण त्यांना ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते. घरात या दोघीच.

टाकीची वाट खडकाळ आणि चढ उभा. दोन वर्षांत दगड लागून माझे गिअर तीनदा मोडले. तिसऱ्या वेळी सायकल दुरुस्तीवाले मिस्त्री म्हणाले, "बाई, हा पांढरा हत्ती पोसू नका. काढून टाकू. एकच गिअर ठेवू, पण तुमच्या चढाला बेतलेला."

माझे गिअर त्यांनी भराभर उतरवले आणि पत्र्याच्या डब्यात टाकले. हा माणूस मला सोलून विकणार, अशी माझी खात्री झाली. माझा संशयी स्वभाव तिथून सुरू झाला. खरं तर गिअरचं योग्य चक्र ठरवायला मिस्त्री स्वतः ताईंबरोबर टेकडीवर आले होते. खिशात तीन चक्रं होती, सोळा, अठरा आणि वीस दातांची. पुढच्या चक्राचे बत्तीस दात कायम ठेवून त्यांनी मागे एकेक लावून पाहिलं.

"वीसचं घ्या. हलकं जाईल, गुडघे वाचतील," ते म्हणाले.

"वीसने पाय नुसते गरगर फिरतात. अठराच," ताई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली. मागचं चाक खाचेत सरकवून चेन ताणली, दोन्ही बाजूंचे नट अंगाचं वजन टाकून आवळले. मग सहा वर्षं आम्ही दोघी रोज तो चढ चढलो. चढाआधी वेग घ्यायचा, उभं राहून पेडल मारायचं आणि मध्ये थांबायचं नाही. दम लागू नये म्हणून ताई पेडलचे फेरे मोजायच्या. फाटकापासून टाकीपर्यंत पाचशे चाळीस. एक इकडे नाही, एक तिकडे नाही.

सातव्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कळलं असतं तर टाकी सुटून कचेरीत खुर्ची मिळाली असती, आणि ती त्यांना नको होती. पण धाकटी जिन्यात उभी राहून बघायची. आधी ताईंच्या पायाकडे, मग माझ्याकडे. ती यंत्रशाळेत फिटर आहे. तिची नजर मला आवडेना. कुठेतरी पाणी मुरत होतं.

एका रविवारी दुपारी ताई झोपल्या होत्या. धाकटी अवजारांची पिशवी घेऊन आली, माझं मागचं चाक काढलं, अठराचं चक्र उतरवलं आणि दुसरं चढवलं. तेवढ्यात आतून हाक आली.

"काय गं, कसला आवाज?"

"काही नाही, झाडतेय!"

तिने घाईने नट फिरवले, माझे अठरा दात पिशवीत टाकले आणि झाडू उचलला. मी मनात म्हटलं, घरातच चोर!

सोमवारी ताईंनी मोजलं. सहाशे.

मंगळवारी पुन्हा सहाशे. त्यांनी खाली बसून बोटाने माझे दात मोजले. वीस! आदल्याच आठवड्यात त्यांनी मला ब्रेकसाठी मिस्त्रींकडे नेलं होतं, आणि वीसचा आग्रह मिस्त्रींचाच होता. त्या तडक दुकानात गेल्या. चार गिऱ्हाइकं उभी होती.

"माझं चांगलं चक्र काढून भलतंच घातलंत. परत द्या."

"बाई, मी ब्रेकशिवाय कशाला हात लावला नाही."

"मग काय माझ्या सायकलला आपोआप दात फुटले?"

कोणीतरी हसलं. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी कपाटं उघडली. "घ्या, दुकान तपासून घ्या." ताईंनी खरंच तपासलं. काही सापडलं नाही, तरी संशय गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक आपल्या सायकलींवर खुणा करून मगच मिस्त्रींच्या हवाली करू लागले. ही बातमी ताईंनी जेवताना सांगितली, तेव्हा धाकटीच्या हातातला घास तसाच राहिला.

शुक्रवारी चढाच्या मधोमध ताईंनी सगळा जोर लावला आणि माझा उजवा नट घसरला. चाक तिरकं झालं, चेन सैल पडून सुटली, पेडल एकदम मोकळं फिरलं आणि ताई त्याच गुडघ्यावर दगडात पडल्या. फोन केल्यावर धाकटी धावत आली. तिने माझ्या नटाला दोन बोटं लावली. तो हाताने फिरला.

"ताई, मिस्त्रींनी नाही. मी केलं."

"तू? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस? तुझा गुडघा बघवत नव्हता गं."

"आणि चार दिवस मी त्या माणसाला चोर म्हणत होते, तेव्हा तुझं तोंड शिवलं होतं?"

धाकटी रडायला लागली. ताईंनी तिला जवळ घेतलं नाही. पण उठताना आधारासाठी हात तिच्याच खांद्यावर ठेवला.

पुढच्या शनिवारी, ऐन गर्दीच्या वेळी, दोघी मला ढकलत दुकानात गेल्या. मिस्त्री वर न बघता म्हणाले, "सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोरच परत घ्या." ताई काठी टेकून संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या, "चूक माझी होती. मिस्त्रींनी काही घेतलं नव्हतं." शेजारी धाकटी म्हणायची, "आणि नट मी ढिला ठेवला होता."

मिस्त्रींनी माझी चेन ताणली, नट आवळले. मग म्हणाले, "वीसच बरोबर आहे. तुमच्या बहिणीचं डोकं चाललं. पण मला सांगितलं असतं तर नट मी आवळला असता."

ताईंनी वीस ठेवले आणि गुडघा डॉक्टरांना दाखवला. टाकी सुटली नाही.

मित्रांनो, आम्हा सायकलींची काळजी घ्या. चाक काढलंत तर नट पुन्हा तपासा, आणि ज्याची सायकल असेल त्याला सांगा. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. मीही मिस्त्रींना आणि धाकटीला मनातल्या मनात चोर ठरवलं होतं. मला तोंड नाही, हे एका परीने बरंच झालं. कारण बोलून दाखवलेला संशय सहज पुसला जात नाही. त्या शनिवारी एका गृहस्थांनी ताईंचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, "अरेरे" म्हणाले, आणि आपली सायकल ताब्यात घेताना मिस्त्रींच्या देखत तिचे दात मोजले.