पोटावरची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. माझ्यावर डोके ठेवून कोणी झोपत नाही. माझी जागा पोटावर.

माझा जन्म १९४३ साली नगरच्या एका दवाखान्यात झाला. श्रीगोंद्याचे बाबाजान पिंजारी तिथे अंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या, ऑपरेशनसाठी आले होते. जन्मभर कापूस पिंजून त्यांना खोकला जडला होता. ऑपरेशननंतर एकेका ठसक्याने टाके ओढले जात. म्हणून ते खोकला गिळून पडून राहिले. उठून बसायलाही तयार नव्हते.

"कफ छातीत साचला तर जिवावर बेतेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखणं थांबवायला मॉर्फियाची सुई पुन्हा दिली तर ग्लानी येईल, खोकला अजून दबेल. यांना खोकता आलं पाहिजे."

मालनबाई नर्सने पोटावर धरायला चादरीची घडी दिली. ती सारखी निसटे. मग त्यांनी बाबाजानच्या बायकोला, सकीनाला, उशी करायला सांगितले.

सकीनाने घरून कापूस आणि मांजरपाटाची खोळ आणली आणि खाटेजवळ बसून मला भरू लागली. भरली म्हणजे किती! मुठीने ठासून.

"अगं, उशी करतीस का दगड?" बाबाजान पडल्या पडल्या म्हणाले.

"पिंजाऱ्याच्या घरची उशी पोकळ निघाली तर लोक हसतील."

"ही पोटावर धरली तर मीच उसवंन."

शेजारच्या खाटेवर देवळालीचे आसाराम होते. त्यांच्याही पोटाला टाके होते. "हसवू नका, पाव्हणं," ते पोट धरून कण्हले.

"आन इकडं," बाबाजान म्हणाले. ते कुशीवर वळले, हात टेकला आणि उठून बसले. माझ्यातला कापूस काढून त्यांनी बोटांनी मोकळा केला, थोडा परत भरला, दाबून पाहिले. खोळीचे तोंड शिवून होईपर्यंत मालनबाई थांबल्या.

"चाचा, तुम्ही बसलात की," मग त्या म्हणाल्या. "आता गुडघे वर घ्या, हिला घट्ट धरा आणि खोका."

बाबाजाननी मला कवटाळले आणि खोकले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा छातीतला कफ सुटून आला.

"दुखलं?" सकीनाने विचारले.

"दुखलं. पण सोसवलं."

"मग मला द्या ती," आसाराम म्हणाले. "मघाचं हसू आडकून बसलंय."

घरी जाताना बाबाजान मला तिथेच ठेवून गेले. पुढे किती पोटांवर बसले, ते मोजले नाही. मधे काही वर्षे मी कपाटावर धूळ खात होते. एकाने तर मला दाराला टेकण म्हणून लावले. पण पुन्हा कोणी तरी खोकायला भिते आणि माझी आठवण होते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी ऑपरेशन होऊन आले, तर डॉक्टरांना विचारून त्याला अशी एक उशी करून द्या. तो खोकेल तेव्हा जवळ बसा. आणि उशी फार ठासून भरू नका.