प्रणितच्या निबंधातले बाबा

प्रणितने निबंधात बापाला मारून टाकलं होतं.

पेणच्या माझ्या क्लासात बसून मी तो इंग्रजी कागद वाचला आणि माझं डोकंच फिरलं. बंगळूरच्या कॉलेजचा अर्ज, मुदत आज संध्याकाळपर्यंत. निबंध आवडला तर पूर्ण फी माफ, नाहीतर डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे बापाने पोराचं नाव देऊन ठेवलेलंच होतं. आणि ह्या दिवट्याने लिहिलं काय, तर वडील कंपनीत अपघातात गेले.

"अरे गाढवा, तुझा बाप कमळाकर काल मला बाजारात भेटला. चांगली घासाघीस करून कोळंबी घेत होता."

"मॅडम, सगळे सांगतात, निबंधात दुःख पायजे. आमच्या घरात काय हाय लिवण्यासारखं?"

मी आणखी झापणार, एवढ्यात दारात कमळाकरच उभा. शिफ्ट सुटल्यावर पोराला घरी कासूला न्यायला थेट आला होता. चपला बाहेर काढून तो बाकाच्या टोकाला टेकला.

"झाला का निबंध, मॅडम? जरा वाचून दावा की. मराठीत सांगा, मला इंग्रजी नाय येत."

प्रणितचा चेहरा पांढराफटक पडला. आता काय वाचू, कपाळ? मी चष्मा लावला, कागद समोर धरला आणि दिलं ठोकून, "माझे वडील कंपनीत काम करतात. ते फार कष्टाळू आहेत. मला त्यांचा अभिमान आहे." इथे माझी गाडी अडली. ह्या माणसाबद्दल मला आणखी काय ठाऊक असणार? कमळाकर मात्र पुढचं ऐकायला थांबला होता.

तेव्हा प्रणितने माझ्या हातून कागद घेतला आणि त्यात बघत बोलायला लागला.

"मी अठरा वर्षांचा झालो तरी बाबा माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून देतात. मी अभ्यासाला बसलो की टीव्हीवरची मॅच आवाज बंद करून बघतात. गेल्या वर्षी पेणच्या एसटी स्टँडवर मी मित्रांबरोबर उभा होतो. बाबा शिफ्टवरून येत होते, कपडे काळे झालेले. त्यांना बघून मी तोंड फिरवलं. ते तसेच पुढे गेले. घरी आल्यावर काहीच बोलले नाहीत. जेवताना काटे मात्र काढून दिले."

कमळाकर हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुजं ध्यान नव्हतं."

"होतं, बाबा."

मी उगाच खिडकीबाहेर बघत बसले.

कमळाकरने बाहीने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "तुजा नंबर लागो, नाय लागो. तो कागद मला दे. तुज्या आयेला दावतो."

प्रणित कागद सोडेना. त्यावर तर बाप मेलेला होता.

"हा कच्चा आहे," म्हणत मी तो ओढून घेतला आणि फाडून टाकला. "बस इथे. आत्ता बोललास ते सगळं लिही. आधी मराठीत, बापासाठी. इंग्रजीचं आपण मग बघू."

तो वही उघडून बसला. मग त्याने लिहिलं, 'माझे बाबा आत्ता माझ्या शेजारी बसले आहेत.' कमळाकर प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत ते वाचत होता.