मासोळीच्या मलमाची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. जन्माने मधाची. माझं झाकण दुसऱ्याच बरणीचं आहे आणि काठाचा एक टवका उडाला आहे. दिसायला मी काही राजबिंडी नाही. तरी एके काळी माझ्याशिवाय एका मुलीचं पान हलत नसे.

त्या मुलीला सगळे मासोळी म्हणत, कारण पाणी दिसलं की ही आत. तिच्या गालांवर, मानेवर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. इतर मुलं उन्हात काळवंडत, मासोळीचे डाग सरळ भाजून निघत. आणि पोहण्याचा तलाव होता उघडा. ऊन अडवणाऱ्या बाजारच्या मलमाच्या ट्यूबने तिचे डोळे चुरचुरत, कपाळावर पुरळ येई. शेवटी तिच्या आईने कंबर कसली. "आता मी घरीच करीन. नैसर्गिक. रसायनाचा थेंब नको," ती म्हणाली.

मासोळीचा मामा औषधांच्या कारखान्यात कामाला होता. त्याने जस्ताची बारीक पांढरी पावडर आणून दिली, मेण आणि तेल किती घ्यायचं तेही सांगितलं. "ताई, पावडर घालताना हात आखडू नकोस. ऊन अडवते ती पावडर. तेल आणि मेण नुसते तिला धरून ठेवायला." आई हो म्हणाली आणि माझं पोट भरलं.

मला लावलं की मासोळीचं तोंड पांढरंफटक दिसे. तलावावरची मुलं ओरडत, "पिठाची गोणी आली रे!" ती जीभ काढून दाखवी आणि सूर मारी. खरं सांगू? तिला ते आवडत असे. माझ्याखाली डाग आणि बिनडाग कातडी एकाच रंगाची दिसे, आणि तेवढा वेळ तिच्याकडे कुणी वळून वळून बघत नसे. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मला मात्र तिच्या बोटांवरून कळत असे. ते उन्हाळे ती भाजली नाही. तिला शिकवणाऱ्या बाईंनी, ज्यांना सगळे शिट्टीबाई म्हणत, तिला लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी निवडलं. मासोळीने त्या दिवसापासून दुसरं काही डोक्यात येऊच दिलं नाही.

इथवर माझं कौतुक झालं, मित्रांनो. त्या कौतुकानेच घात केला.

तलावाच्या कठड्यावर बसणाऱ्या बायकांनी आईकडे मलम मागायला सुरुवात केली. आईने छोट्या डब्या आणल्या, वर चिठ्ठी छापून घेतली: "माझ्या लेकीला लावते, तेच तुम्हाला देते." डब्या हातोहात खपू लागल्या. मग एक दिवस एका बाईने विचारलं, "यात असतं तरी काय हो?"

"मेण, तेल आणि जस्त," आई म्हणाली.

"अगंबाई, धातू? म्हणजे केमिकलच की! आणि तोंड कसं भुतासारखं होतं."

आई घरी आली ती तोंड पाडूनच. स्वयंपाकघरात तिने पावडरीचा पुडा उचलला, नाकाशी नेला आणि कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. त्या जागी फुलांचा अर्क घातला. आता मी अगदी शंभर टक्के नैसर्गिक झाले. वास सुरेख, रंग सोनेरी, आणि उन्हापुढे मी अगदी कुचकामी. बायका खूश झाल्या. आई तर हवेतच होती.

शर्यतीच्या दिवशी आईने तलावाजवळ टेबल मांडलं. मासोळीला चोळून चोळून मला लावलं आणि टेबलाशेजारी उन्हात बसवलं. माल दिसायला हवा ना! मी टेबलावर, नमुन्याची म्हणून, झाकण उघडून.

थोड्या वेळाने मासोळी म्हणाली, "आई, भाजतंय."

"नैसर्गिक आहे ते. भाजेल कसं?"

शिट्टीबाई येऊन म्हणाल्या, "पोरीला सावलीत घ्या हो, लाल झाली आहे." कुणीतरी पर्समधून ट्यूबही काढली, पुरळ न आणणारी, लहान मुलांची. आईने ती सगळ्या गिऱ्हाइकांदेखत हसून परत केली. हसतानाच तिने टेबलाखालून मासोळीचा दंड घट्ट धरून ठेवला. भाजलेलाच दंड. मोकळ्या हाताने मासोळी डब्या सरळ करू लागली, गिऱ्हाइकं होती ना!

तिचं नाव पुकारल्यावर तिने उडी मारली आणि पाणी लागताच किंचाळली. शर्यत अर्ध्यात टाकून तिला बाहेर काढावं लागलं. शिट्टीबाईंनी टॉवेल गुंडाळला, आणि टॉवेल काढताना गालाची साल सोबत आली.

मामा धावत दवाखान्यात गेला, तिथून घरी. माझ्यात बोट घालून त्याने मनगटावर ओढलं. कातडी तेवढी चकाकली. "पावडर कुठे गेली, ताई?"

"धातू होता रे तो," आई म्हणाली.

आणि लोकांना आईने काय सांगितलं माहीत आहे? तलावाच्या पाण्यातल्या रसायनाने झालं! सगळ्यांना पटलं. हळहळत त्यांनी जास्तीच्या डब्या घेतल्या.

आता मासोळी पोहत नाही. डॉक्टरांनी ऊन बंद केलं आहे आणि गालांवर व्रण राहिले आहेत. ती पडदे ओढलेल्या खोलीत बसून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. माझ्यात आता खळ असते. ब्रश बुडवायचा, चिठ्ठी लावायची, अंगठ्याने सुरकुती काढायची. "माझ्या लेकीला लावते, तेच तुम्हाला देते." एकदा आई बाहेर गेलेली असताना तिने माझ्यातली पांढरी खळ बोटावर घेतली, नाकापासून कानापर्यंत सगळीकडे फासली, आणि आरशात बघत बसली. वाळून ओढ बसायला लागल्यावर धुऊन टाकली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मलम घरचं असो की बाजारचं, वरच्या गोड शब्दांवर जाऊ नका. पोर भाजतंय म्हणाली, तर आधी तिला सावलीत घ्या. आणि ती डबी हातात आलीच, तर चिठ्ठीला एकही सुरकुती नाही हे बघा. मासोळीचा हात आता फार छान बसला आहे.