जेवेल त्याचाच पैसा

मित्रांनो, कुरखेड्याकडच्या एका गावात बुद्धविहाराच्या मागे मोठी चूल आहे. तिच्यावर बसलेला, बुडाशी काळाकुट्ट झालेला पितळी गंज म्हणजे मी. लोखंडाला लागतो तो गंज मी नव्हे. आमच्याकडे भात शिजवायच्या मोठ्या भांड्याला गंज म्हणतात. चार माणसांनी उचलावा एवढा मी जड आहे, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

भंडाऱ्याच्या कासारांनी मला ठोकून घडवले. मला विकत आणले ते वामनराव आणि त्यांच्या बौद्ध वस्तीने. त्या काळी वस्तीत लग्न निघाले की गावातले कोणी त्यांना भांडे देत नसे. "भांडं बाटते," म्हणत. शेवटी वामनराव म्हणाले, "दुसऱ्याले भांडं मागाचंच काऊन? आपलाच गंज आनू." घराघरातून वर्गणी जमली आणि मी बैलगाडीत बसून आलो. पहिल्याच लग्नात मी एवढा भात शिजवला, की रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसांनाही बोलावून वाढला.

पुढे कंत्राटी आचारी आले, त्यांची चकचकीत स्टीलची पातेली आली. मी विहाराच्या खोलीत उपडा पडलो. माझ्या आडोशाला कोंबड्या अंडी घालू लागल्या. वामनराव गेले आणि माझी आठवण काढणारेही कोणी उरले नाही.

मला बाहेर काढले ते त्यांच्या सुनेने, सत्यशीलाबाईंनी. त्या गावच्या आशाताई, म्हणजे घरोघरी आरोग्याचे काम पाहणाऱ्या सेविका. गावाची छोटी कामे वर्षानुवर्षे अडून राहतात, हे त्यांना खुपत होते. त्यांनी मला चिंचेने घासले, कल्हई करून आणली आणि गावपंगत सुरू केली. दर पौर्णिमेला सगळ्या गावाने एकत्र जेवायचे. प्रत्येकाने जमेल तेवढे पैसे डब्यात टाकायचे. जेवताना दोघा-तिघांनी उठून गावाला काय हवे ते सांगायचे. मग ज्याचे म्हणणे पटेल त्याच्या टोपलीत एकेक चिंचोका टाकायचा. जास्त चिंचोके ज्याला, डबा त्या कामाला. अशाने अंगणवाडीला दार लागले आणि बंद हातपंप पाणी देऊ लागला. नुसता भात आणि लाखोरीच्या डाळीचे वरण, पण त्या वाफेत मी पुन्हा जिवंत झालो.

मग वैशाखातली ती पंगत आली.

नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे लहानशा पाड्यावरची, सोमारीबाई उठली. गोंड घरची बाई, चारचौघांत फारशी न बोलणारी. ती म्हणाली, "मागच्या पान्यात माही थोरली सून बाळंतपनात अडली. नाला भरून होता. या काठाले दवाखान्याची गाडी उभी होती, त्या काठाले आमी. ती तिथीच गेली. आमाले एक डोंगा पायजे."

सगळे चिंचोके तिच्याच टोपलीत पडले. पण डब्यातला पैसा डोंग्याला, म्हणजे लाकडी होडीला, पुरणारा नव्हता.

तेवढ्यात राईस मिलचे मालक प्रवीणभाऊ पुढे आले. ते पंगतीबाहेर खुर्चीवर बसले होते. "डोंग्याचा सारा खर्च मी देतो," ते म्हणाले. "फक्त त्याच्यावर माहं नाव लिवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्यशीलाबाईंनी पत्रावळ मांडली. "या भाऊ, बसा."

"जेवाचं राहू द्या. आमच्या घरी चालत नाई."

सत्यशीलाबाईंचा हात थांबला. "आमच्या हातचा भात चालत नाई, तं तुमचा पैसा आमी काऊन चालवावा? इथी जो जेवन, त्याचाच पैसा."

एकच गलका झाला. "बाई, जिवाचा सवाल आहे!" "तुमच्या हट्टापायी डोंगा जाईन!" मित्रांनो, खरे सांगतो, मलाही भीती वाटली. उद्या नाल्याकाठी कोणी अडले तर तो बोल कोणाला लागणार होता?

तेव्हा सोमारीबाईच पुन्हा उठली. "सून माही गेली. डोंगा मले पायजे. पन आज हा जेवत नाई, उद्या डोंग्यात कोन बसन नि कोन नाई, तेबी हाच सांगन. असा डोंगा मले नोको."

प्रवीणभाऊ निघून गेले. पुढची पंगत सोमारीबाईच्या टोल्यावर ठरली. माझ्या दोन्ही कड्यांतून बांबू ओवले. सोमारीचा नवरा पत्रू, सत्यशीलाबाईंचे यजमान नागसेन आणि आणखी दोघे यांनी मला खांद्यावर घेऊन कोरडा नाला ओलांडला. आयुष्यात मी एवढा मिरवलो नव्हतो! आजूबाजूच्या टोल्यांतली माणसे तांदूळ घेऊन आली. गोंड आणि बौद्ध बायांनी मिळून रांधले. तरीही पैसा थोडा कमीच पडला. पण वैनगंगेकाठचा एक ढिवर, मासे धरणारा, त्या पंगतीत जेवत होता. हात धुता धुता तो म्हणाला, "माहा जुना डोंगा आहे. आहे तेवढ्यात घेऊन जा. डांबर मी लावून देतो."

श्रावणात नाला भरला. सोमारीच्या धाकट्या सुनेला, दिव्याला, कळा सुरू झाल्या. पत्रूने डोंगा हाकला, सत्यशीलाबाई तिचा हात धरून बसल्या. कुरखेड्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघीही सुखरूप. बारशाचा भात मीच शिजवला, आणि थोडा करपवलाही. आनंदात कोणाचे जाळाकडे लक्षच नव्हते.

प्रवीणभाऊ अजून जेवायला आलेले नाहीत. त्यांच्या पत्नी रोशनीबाई मात्र एका पौर्णिमेला आल्या, सोमारीच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

आता माझे बूड पातळ झाले आहे. कोणी म्हणतात, मोडीत घाला. कोणी म्हणतात, फुले वाहून कपाटात ठेवा. मला दोन्ही नको. मित्रांनो, माझ्यावर माया असेल तर माझ्या बुडाला डाग देऊन सांधा, कल्हई करा आणि मला पुन्हा चुलीवर चढवा. आणि कोणी म्हणाले, पैसा घ्या पण जेवणार नाही, तर त्याच्याशी भांडू नका. त्याचा पैसा परत करा आणि त्याच्यासाठी पंगतीत एक पत्रावळ मांडून ठेवा. भात मी गरम ठेवतो.