पाटी आधी, चूल मागून

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दारावरची, नावाची पाटी. सागवानाच्या हातभर फळीवर आठ अक्षरे कोरलेली आहेत: भैयालाल गजभिये. अक्षरांत निळा रंग भरला होता, तो आता ‘ज’च्या पोटातून उडाला आहे. मित्रांनो, मला गोष्ट सांगायची सवय नाही. पाटीचे काम एकच, कुणी विचारण्याआधी नाव सांगायचे. त्यापुढचे सांगताना काही चुकले, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मराठी-हिंदी सीमेवरच्या तिरोडीचा. भैयालाल तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत कामाला होते. ते मेटची, म्हणजे खाणीतल्या मुकादमाची, परीक्षा पास झाले, त्या वर्षी नथ्थू सुताराने एका मोडक्या दाराच्या फळीतून मला घडवले.

“भैयालालभाऊ, अक्षरं मोठे काढू का लहान?” नथ्थूने विचारले.

“रस्त्यावरून वाचता आले पाह्यजेत,” भैयालाल म्हणाले. “आमच्या बापजाद्याईचं नाव कोनी कवाच लिहिलं नाई. मंग लहान काहून काढतं?”

या मोठ्या अक्षरांचा मला पुष्कळ वर्षे अभिमान होता. आता वाटते, ती थोडी लहान असती तर बरे झाले असते का? ठाऊक नाही.

भैयालालांच्या बायकोचे नाव जिजाबाई. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. भैयालालांनी त्यांचे बोट माझ्या अक्षरांवरून फिरवून त्यांना वाचायला शिकवले. तेवढीच आठ अक्षरे त्यांना येतात. खाणीच्या वसाहतीत तीनदा खोली बदलली, आणि तिन्ही वेळा सामान अंगणात ठेवून आधी मला ठोकले गेले. “पाटी आधी, चूल मागून,” भैयालाल म्हणायचे. त्यांच्या घरची ती रीतच झाली.

भैयालाल गेले. त्यांचा मुलगा धम्मपाल वीजकामासाठी मस्कतला होता. जिजाबाईंनी मला लुगड्यात गुंडाळून त्याच्या हाती दिले. “बापाचं नाव दारावर असू दे.”

तिथे एका मोठ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी अकरा वर्षे राहिले. जागा निवडली होती धम्मपालची बायको प्रियंका हिने. शाळेची बस दारात थांबते का, खेळायला मैदान आहे का, मुलींना एकटे खाली सोडता येते का, एवढेच तिने पाहिले. शेजारी कुणी केरळचे, कुणी फिलिपिन्सचे. मला कुणीच वाचू शकत नसे. समोरच्या सुदानी आजोबांना वाटायचे की माझ्यावर एखादी प्रार्थना लिहिली आहे. जाता-येता ते मान लववायचे. मित्रांनो, त्या दिवसांत मी सुखी होते. मला कुणाला वाचता येत नव्हते म्हणूनच मी सुखी होते, हे मात्र तेव्हा कळले नाही.

यंदा धम्मपालचे तिथले काम संपले. चौघे परत आले. तिरोडीत मुलींच्या इंग्रजी शाळेची सोय नव्हती, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी, बालाघाटात, घर घ्यायचे ठरले. मोठी दीपिका सहावीत जाणार होती, धाकटी पौर्णिमा दुसरीत. शाळेने सांगितले, तीस जूनपर्यंत बालाघाटचा पत्ता द्या, नाहीतर जागा दुसऱ्या मुलांना जाईल. हाताशी सोळा दिवस होते. बसस्टॅंडजवळच्या लॉजच्या एका खोलीत चौघांनी बस्तान मांडले आणि घर शोधायला सुरुवात झाली. मी धम्मपालच्या खांद्यावरच्या पिशवीत असे. घर पसंत पडले की लगेच लावता यावी, म्हणून.

पहिलेच घर मनासारखे मिळाले. शाळा इतकी जवळ की तिथली घंटा ऐकू यायची. घरमालक भोजराजजी हसतमुख होते. “मस्कतवाले! अरे, आप जैसे पढ़े-लिखे लोग ही चाहिए मोहल्ले में. घर आपका समझो.”

धम्मपालला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे मला पिशवीतून काढले आणि दारावर धरून पाहिले. “इथं शोभते का, प्रियंका?”

भोजराजजींनी मला वाचले. एकदा वाचले, पुन्हा वाचले. “अच्छा,” ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहत म्हणाले, “घर में एक बार पूछना पड़ेगा. फोन करता हूँ.”

फोन आला नाही.

“तुमाले पाटी काढाची येवढी काय घाई होती?” लॉजवर आल्यावर प्रियंका म्हणाली.

“अवो, घर तुमचंच समजा म्हनला ना तो.”

“चौदा वर्सं परदेशात राह्यले, अन् अक्कल तिरोडीतच ठेवून गेलते.” असे म्हणून ती हसली, पण लगेच तोंड फिरवून मुलींचे कपडे घडी करू लागली.

नंतरच्या घरांत मला बाहेर काढावेच लागले नाही. पाणी दाखवून झाले, गच्ची दाखवून झाली की प्रश्न यायचा, “पूरा नाम?” त्या एका आडनावावरून लोकांना घराची जात कळत होती, आणि जात कळली की कुणाचा भाऊ राहायला येणार असे, कुणाला घराची डागडुजी आठवे. धम्मपाल मस्कतहून मोबाइलमध्ये यादी करून आला होता: शाळेचे अंतर, मैदान, दवाखाना. बाराव्या दिवशी त्याने ती यादी पुसून टाकली. अंधारात, पिशवीच्या तळाशी, मी एकच विचार करत होते. हे माझ्यामुळे होत आहे.

अठ्ठावीस जूनला दुर्गाबाई भेटल्या. एकट्याच राहणाऱ्या, मनाने चांगल्या. त्यांचे घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होते. त्यांनी नाव ऐकले आणि दार लावले नाही.

“मले काई नाई बाबा. पोरी गोड हायेत. फक्त पाटी नोको लावू. गल्लीवाले मले बोलतीन, अन् मले याच्यातच मरेलोक राहाचं हाये.”

धम्मपालने पोरींकडे पाहिले. मग म्हणाला, “हौ.”

मला कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले गेले. मुलींना शाळेत प्रवेश मिळाला. गल्लीत या घराला ‘मस्कतवाले’ हे नाव पडले. दीपिकाला ते आवडे. पण एका संध्याकाळी नव्या वहीवर नाव घालताना पौर्णिमाने विचारले, “पापा, वहाँ तो हम गजभिये थे. यहाँ क्या हैं?”

त्याच आठवड्यात जिजाबाईंचा फोन आला, तेव्हा मी ऐकले.

“पाटी लावली ना रे?”

“हौ माय. लावली.”

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावेसे वाटले. जिजाबाईंना आठच अक्षरे वाचता येतात, त्या आल्या तर मला पाहूनच घर ओळखतील, हे त्याच्या लक्षात कसे आले नाही?

ऑगस्टमधल्या एका दुपारी जिजाबाई न सांगता आल्या. तिरोडीहून बसने. त्या शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलायच्या, म्हणून फोन जवळ नव्हता. धम्मपाल कामावर, प्रियंका धाकटीला घेऊन बाजारात. घरात दीपिका आणि तिच्या वर्गातल्या दोन मुली होत्या. आधी काठीचा आवाज आला, मग तो ओळखीचा आवाज. “बाई, गजभियेचं घर कोनतं व? शाळेच्या मांगं हाये म्हने. दारावर पाटी हाये त्याइच्या, निळ्या अक्षराची.”

“यहाँ कोई गजभिये नहीं रहता, अम्मा,” समोरची बाई म्हणाली.

“असं कसं? माया पोरगा खोटं नाई बोलत.”

काठी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. प्रत्येक दाराशी थांबत होती. आमच्या दाराशी थांबली, तेव्हा माझ्या आणि त्यांच्यामध्ये फक्त एक भिंत आणि एक कपाट होते. मी लाकूड आहे. मला हाक मारता येत नाही.

पण दीपिकाला येत होती. ती खिडकीशी होती. तिने आजीला ओळखले होते. तिच्या मैत्रिणीने खिडकीतून डोकावून विचारले, “कौन है ये बुढ़िया?” दीपिका म्हणाली, “पता नहीं.”

काठीचा आवाज दूर गेला.

त्या दोघी मैत्रिणी निघून गेल्या, तेव्हा बराच वेळ झाला होता. घरात शांतता होती. मग कपाट सरकल्याचा आवाज झाला. दीपिकाने मला बाहेर ओढले. माझ्यावर कोळ्याची जाळी होती, ती तिने फ्रॉकने पुसली, आणि मला छातीशी धरून, अक्षरे बाहेरच्या बाजूला करून, ती अनवाणी पळत सुटली. गल्लीने मला वाचले. दुर्गाबाईंनी ओट्यावरून पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

बसस्टॅंडवर तिरोडीकडे जाणाऱ्या कटंगीच्या गाडीजवळ जिजाबाई बसल्या होत्या. मांडीवर चारोळीचे गाठोडे. आधी त्यांनी मला पाहिले, मग नातीला.

“आजी, मैंने सुना था,” दीपिका रडत म्हणाली. “मैंने सुना था, और मैं बोली नहीं.”

जिजाबाईंनी ‘भ’पासून बोट फिरवायला सुरुवात केली. ‘ज’पाशी आल्यावर म्हणाल्या, “इथला रंग गेला व, बाई.” मग नातीचे डोके माझ्यासकट कुशीत घेतले.

त्या रात्री धम्मपालने आईपुढे मान वर केली नाही. दुर्गाबाईंनी घर सोडायला महिन्याची मुदत दिली. सांगताना त्या स्वतःच रडल्या. त्यांनाही दोष देणे मला जमत नाही.

तेव्हापासून मी पुन्हा पिशवीत आहे. फक्त पिशवी आता दीपिकाच्या खांद्याला असते, आणि घर पाहण्याची रीत बदलली आहे. आधी खोल्या, पाणी, गच्ची पाहत नाहीत. दार उघडले की दीपिका मला काढते आणि दोन्ही हातांनी समोर धरते. आधी पाटी. मग घर. आतापर्यंत सात दारे झाली. मुदतीचे नऊ दिवस उरले आहेत. प्रत्येक वेळी ती मला आणखी घट्ट धरते. ते मला लाकडातून कळते.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा रंगही नको. एवढेच मागते. कधी तुमच्या दाराशी एखादी मुलगी अशी पाटी धरून उभी राहिली, तर ती सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. आणि मग, खिळा कुठे ठोकायचा तेवढे सांगा.