महामंत्र्यांच्या पंगतीचा हंडा

एक कान मोडलेला, बुडाला काजळीचे थर चढलेला असा मी एक जुना काशाचा हंडा आहे, मित्रांनो. दिसायला मी काही खास नाही. पण तुमच्या घरातल्या कुठल्या भांड्याने देशाच्या महामंत्र्यांना रोज जेवू घातले आहे का? मी घातले आहे. म्हणून मधूनमधून बढाई मारली तर म्हाताऱ्याचे मनावर घेऊ नका.

सम्राटांची राजधानी असलेल्या चांगआन शहरात, पश्चिम बाजारामागच्या गल्लीत एका ओताऱ्याने मला ओतले. साचा फोडून त्याने मला बाहेर काढले, टिचकी मारली आणि माझा आवाज ऐकून तो खूश झाला. शेजाऱ्याला म्हणाला, "हा चाललाय महामंत्र्यांच्या मुदपाकखान्यात. फार जुन्या काळी एक आचारी हंडा पाठीवर टाकून राजाकडे गेला, रश्शाची चव समजावता समजावता राज्य कसं चालवायचं ते सांगून बसला, आणि झाला की महामंत्री!"

"आचारी महामंत्री झाला. हंड्याला काय मिळालं?" शेजाऱ्याने विचारले.

"काजळी!" ओतारी म्हणाला आणि दोघे पोट धरून हसले. मलाही हसू आले, पण तेव्हा मी नवा होतो, आवाज करायची हिंमत झाली नाही.

आमच्याकडे सम्राट एकच असे, पण कारभाराचा गाडा ओढणारे महामंत्री मात्र एका वेळी तीन-चार असत. प्रत्येक मोठ्या हुकुमावर त्या सर्वांची सही लागे. आणि रोज दुपारी ते सगळे एका बैठकीवर, एकाच हंड्यातले जेवण जेवत. तो हंडा म्हणजे अर्थातच मी. वयाने मोठा असेल त्याने आधी जेवायच्या काड्या उचलायच्या. जेवण चालू असताना सेनापती आला तरी त्याने दाराबाहेर थांबायचे. आणि मधेच कोणी उठला तर बाकीच्यांनी काड्या खाली ठेवून त्याची वाट पाहायची. त्यामुळे रागावून निघून जायची सोय नव्हती. गरम रस्सा समोर ठेवून वाट पाहणारे लोक काय काय बोलतात ते मी ऐकले आहे!

माझा सांभाळ करणारा आचारी मेंग. मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. सकाळी मला राखेने घासताना तो म्हणे, "चल रे टकल्या, राज्य चालवायचंय."

त्या काळात पेई आणि लू असे दोन महामंत्री होते. दोघे हुशार, दोघे प्रामाणिक आणि दोघांचे एकमेकांशी हाडवैर. भांडण कशावरून? हुकुमावर सही करताना वर नाव कोणाचे, यावरून! पेई वयाने मोठे, तर लू आधी नेमलेले. पण पंगतीला बसले की गंमत व्हायची.

"लूसाहेब, काल तुम्ही केलेला मसुदा वाचला. झोप छान लागली," पेई म्हणत.

"तुमचा वाचायला झोपेतून उठावं लागतं," लू उत्तर देत.

एक वाटी संपेपर्यंत टोमणे, दुसरी संपेपर्यंत वाद, आणि तिसऱ्या वाटीला कोणीतरी म्हणे, "बरं, ते कालव्याचं काय करायचं?" काम होऊन जाई.

मग एका वसंतात दू नावाचे नवे महामंत्री आले. रिवाजाप्रमाणे त्यांच्या दारापासून राजवाड्यापर्यंत रस्त्यावर वाळू अंथरली होती. जोड्यांची वाळू झटकतच ते आत आले आणि माझ्याकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दक्षिणेत लोक पेज पिऊन राहतायत आणि आपण इथे रोज मटणाचा रस्सा ओरपतो?" ते म्हणाले. "बंद करा हे. प्रत्येकाने घरून डबा आणावा. आणि हा हंडा टांकसाळीत पाठवा, काशाची नाणी तरी होतील."

माणूस मनाचा खरा होता, मित्रांनो, म्हणून त्यांचा राग धरता येईना. पण वितळायला कोणाला आवडते? मेंग तर कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला. त्याचा बाप याच चुलीवर म्हातारा झाला होता.

पेईंनी लगेच तो प्रस्ताव मान्य केला. "तुमचं तोंड बघत जेवावं लागणार नाही, हेच पुष्कळ," ते लूंना म्हणाले. डबे सुरू झाले. तिघे आपापल्या दालनात बसून जेवू लागले.

आणि काम ठप्प झाले.

त्या वेळी वेई नदीकाठच्या शीचिआओ गावचे औयांग आजोबा राजधानीत आले होते. त्यांच्या गावचा बांध खचला होता. आमच्याकडच्या उन्हाळी पावसात नदीला पूर येतो, त्याआधी बांध बांधला नाही तर गाव वाहून जाणार हे उघड होते. मजूर आणि दगड द्यायचा हुकूम लिहून तयार होता. फक्त तीन सह्या हव्या होत्या. पेईंनी वर सही केली, म्हणून लूंनी कागद परत पाठवला. लूंनी नवा करून घेतला, तो पेईंनी परत पाठवला. दू बिचारे दोघांच्या दालनांमध्ये फेऱ्या मारून थकले. आजोबा मुदपाकखान्याच्या पायरीवर बसून राहत. पूर्वी मेंग अशा लोकांना उरलेला रस्सा देई. आता चूलच बंद होती.

"बाबा रे, तुमच्याकडे एवढी मोठी माणसं," आजोबा मेंगला म्हणाले, "आणि आमचा बांध कोणाच्या नावाखाली वाहून जाणार, एवढंच ठरायचं राहिलंय."

थंड जेवणाचा सण आला त्याच्या आदल्या दिवशी मला गाडीवर घातले. टांकसाळीच्या दारात मला उतरवताना दोर सुटला आणि माझा कान मोडला, तो हा. रक्षकाने पाहिले न पाहिल्यासारखे केले. "कशाला हळहळता? उद्यापरवा वितळणारच आहे," तो म्हणाला.

पण सणात आमच्याकडे कोणी विस्तव पेटवत नाही. घरातल्या चुली, दिवे, लोहाराचे भाते, सगळे विझवतात. टांकसाळीची भट्टीही विझली. मी तिच्या तोंडाशी बसून राहिलो. आतून गार वारा येत होता आणि मी त्या थंडीचे मनापासून आभार मानत होतो. सगळे शहर सातूची गार पेज आणि उकडलेली शिळी अंडी खात होते. सण संपला की राजवाड्यात लाकडावर लाकूड घासून नवा विस्तव पाडतात, आणि सम्राट तो मेणबत्तीवर लावून मोठ्या मंत्र्यांकडे पाठवतात. त्यानंतर शहर पेटते, म्हणजे चुली पेटतात. भट्टीसुद्धा.

त्या सकाळी, मेंगने मला नंतर घासताना सांगितले तसे, राजवाड्याचा दूत नवा विस्तव घेऊन महामंत्र्यांच्या मुदपाकखान्यात हजर झाला. दरवर्षीप्रमाणे. कारण मुदपाकखाना बंद झाल्याचे राजवाड्याला कोणी कळवलेच नव्हते. कसे कळवणार? त्या कागदावरही तीन सह्या लागतात, आणि पेईंची सही वर असल्याने लूंनी तो परत पाठवला होता!

"चूल कुठंय?" दूताने विचारले.

"गार आहे," मेंग म्हणाला.

"सम्राटांचा विस्तव आहे हा. परत नेता येत नाही, विझवता येत नाही. मेणबत्ती संपत आलीय. माझी मान जाईल आणि तुमचीही!"

गोंधळ ऐकून तिन्ही महामंत्री धावत आले. दूंनी स्वतः चुलीत काटक्या कोंबल्या. जाळ झाला. मग पेई ओरडले, "रिकाम्या चुलीत सम्राटांचा विस्तव? अपशकुन! वर काहीतरी चढवा!"

"चढवायला हंडा कुठंय?" लू म्हणाले. "तुमच्याच होकाराने गेला!"

मेंग तोवर रस्त्याला लागला होता. मागून औयांग आजोबा धावत होते. टांकसाळीच्या दारात नव्या विस्तवाची मेणबत्ती नुकतीच पोचली होती. भट्टीचा माणूस ती आत नेणार, तोच मेंगने मला मिठी मारली.

"हंडा दे!"

"कागद आहे?" रक्षकाने विचारले.

"सम्राटांचा विस्तव तिकडे उघडा जळतोय. विझला तर कागद होईलच, त्यावर तुझं नाव घालतो!"

रक्षकाने स्वतः मला गाडीवर चढवायला हात लावला. आजोबांनी गाडी ओढली, मेंगने ढकलली. दगडी रस्त्यावरून मी असा खणखणत निघालो की लोक वरात आली म्हणून दारात येऊन उभे राहिले. मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही, मित्रांनो. माझ्यामागे भट्टी पेटली होती आणि मी तिच्यात नव्हतो!

मग पाणी, मटण, आले, कांद्याची पात. तीन दिवस गार पेज खाल्लेल्या माणसांना गरम रश्शाचा वास काय करतो ते सांगायला नको. कोणी बोलावले नाही तरी तिघे बैठकीवर येऊन बसले. पेईंनी काड्या उचलल्या. लूंनी तोंड उघडले.

"पेईसाहेब, तुमची सही वर असते ना? मग मीठ कमी पडलं तर तुमची जबाबदारी."

"आणि तुमची सही खाली असते म्हणून सगळा गाळ तुम्हाला," पेई म्हणाले आणि त्यांनी हाडाचा मोठा तुकडा लूंच्या वाटीत टाकला.

 दूंना हसू फुटले. हसता हसता त्यांनी पायरीकडे पाहिले. आजोबा धापा टाकत बसले होते, हात दोराने सोलले होते.

"तो बांधाचा कागद आणा," दू म्हणाले. "आणि तिघांची नावं गोल लिहा. या हंड्याभोवती बसलोय ना, तशी."

पेईंनी लूंकडे पाहिले. लूंनी पेईंकडे पाहिले. रस्सा गार होत होता आणि नियमाप्रमाणे कोणाला उठता येत नव्हते. तिसरी वाटी संपायच्या आत तिन्ही सह्या झाल्या. आजोबा ढसाढसा रडले, आणि मेंगही रडला, पण तो म्हणाला की कांद्यामुळे.

पंगत चालू राहिली. दूंनी आपला हेका मात्र सोडला नाही. मटण निम्मे झाले, वाचलेल्या पैशाचे धान्य दक्षिणेकडे जाऊ लागले. रस्सा पातळ झाला, पण मला त्याचे वाईट वाटले नाही.

पुढे कित्येक वर्षांनी चांगआनवर वाईट दिवस आले. राजवाडे पाडून त्यांचे वासे वेई नदीत सोडले. मेंगच्या वंशातल्या एका सुनेने मला त्या वाशांच्या तराफ्यावर चढवले आणि शीचिआओत उतरवले. बांध तिथे उभा होता. गावही होते. काही वर्षे मी गोठ्यात पालथा पडलो, माझ्यावर कोंबड्या बसल्या. मग एका सणाला कोणाला तरी आठवण झाली, आणि तेव्हापासून नव्या विस्तवाच्या दिवशी गाव माझ्यात रस्सा करते. ज्यांचे वर्षभर पटले नाही त्यांना शेजारी शेजारी बसवतात.

जेवता जेवता लोक बातम्या सांगतात. काईफंग या नव्या राजधानीच्या दरबारात महामंत्र्यांची आसने काढून घेतली, आता ते उभे राहूनच बोलतात म्हणे. पुढे एका सम्राटाने महामंत्रीपदच मोडले आणि पुन्हा नाव काढाल तर खबरदार म्हणून बजावले. त्याला म्हणे सगळे कागद एकट्यालाच वाचावे लागले. मग सम्राटच गेले आणि पंतप्रधान आले. काही तर माझा रस्सा उकळेपर्यंतही टिकले नाहीत. आताही पंतप्रधान आहेत. प्रत्येक वेळी मला एकच विचारावेसे वाटते, "ते दुपारी कोणाबरोबर जेवतात?" पण हंड्याला कोण उत्तर देणार?

मित्रांनो, मला चकचकीत घासू नका, काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. जुन्या भांड्यांची काळजी म्हणजे त्यांना रिकामे राहू न देणे. आज पुन्हा नवा विस्तव आला आहे. माझ्या बुडाशी जाळ लागला आहे आणि पाणी जरा जास्तच घातले आहे. ज्याच्याशी तुमचे बोलणे बंद आहे, त्याला हाक मारून आणा. मी सगळ्यांना पुरेन.