जहाजभावाची सोयरीक

"नाही म्हणजे नाही," मिम्बा म्हातारी म्हणाली आणि रागारागात कोनफळ असं सोललं, की सालीबरोबर निम्मं कोनफळही खाली पडलं. "बहीणभावाचं लग्न लावायला मला अजून चळ लागलेला नाही."

"एनॉस माझा भाऊ कुठून झाला गं, आजी?" प्रिसिलानं विचारलं.

"त्याचा आजा माझा जहाजभाऊ. तू माझी नात. मग तो तुझा कोण? पाव्हणा?"

प्रिसिला गप्प बसली. म्हणजे तोंडानं. हातातलं भांडं तिनं असं आदळलं, की अंगणातल्या कोंबड्या ओढ्यापर्यंत पळाल्या.

जमैकाच्या त्या डोंगरातल्या गावात हा कायदा शेंबड्या पोरालाही पाठ होता. एका जहाजाच्या पोटात साखळदंडात आणलेली माणसं एकमेकांची सख्खी भावंडं. त्यांची आपसात लग्नं नाहीत, त्यांच्या पोरानातवंडांची नाहीत. पाद्रीबाबा काही का म्हणेनात. खाली उसाच्या मळ्यावर मालकानं कुणाची बायको विकली, कुणाचं लेकरू विकलं, पण जहाजाचं नातं त्या मेल्याच्या ध्यानातच कधी आलं नाही, म्हणून त्याला ते तोडता आलं नाही. मिम्बा लहान होती, जहाजात तापानं फणफणली होती, आणि शेजारच्या अनोळखी पोरानं, क्वाओनं, आपल्या वाट्याचं पाणी तिला पाजलं होतं. तेव्हापासून तो भाऊ. पुढं दोघं एकाच मळ्यावर राबली. मिम्बाचा नवरा गेला, एकुलती मुलगी प्रिसिलाला मागं ठेवून गेली. मग गुलामी संपली, आणि दोघं डोंगरावर येऊन एकाच ओढ्याच्या दोन काठांवर घरं बांधून राहिली.

एनॉस मिम्बाला आवडत नव्हता असं मुळीच नाही. एवढा कामसू आणि हसरा पोरगा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. पण हो म्हणावं, तर क्वाओ आपला भाऊ नव्हताच, असं चारचौघांत कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि लहानपणापासून तिला ओळखणारा जगात तेवढा एकच माणूस उरला होता. नाही म्हणावं, तर अंगाखांद्यावर वाढवलेली नात कायमची तोंड फिरवणार. इकडे आड, तिकडे विहीर. म्हातारी आतल्या आत तडफडत होती आणि सगळा राग कोनफळावर काढत होती.

दुपारी क्वाओ स्वतःच ओढा ओलांडून आला, पाइप ओढत.

"काय गं, तुझ्या घरात तोफा उडतायत म्हणे?"

"तुझ्या नातवाला आवर."

"आवरला असता. पण तो माझ्यावर गेलाय." तो पालथ्या उखळावर बसला. "मिम्बे, मी तुझा कोण?"

"भाऊ. हे काय विचारणं झालं?"

"मग माझ्या घरची पोरं तुझ्या घरच्या पोरांची सख्खी भावंडं कशी होतील? ती आते-मामेच ना? अगं, आपल्याकडं, पाण्यापलीकडं, अशांचीच तर लग्नं लावायचे. मुलीवर पहिला हक्क मामाच्या घराचा. बाहेर दिली, तर मामा वर्षभर जेवायला यायचा नाही."

"काहीतरी थापा मारू नकोस."

"मला तेव्हा मिसरूड फुटायला लागलं होतं. तू बाहुल्या खेळत होतीस, तुला काय ठाऊक? माझ्या आत्याची मुलगी ठरली होती मला. दात पुढं होते तिचे. रोज देवाला म्हणायचो, यातून सोडव. देवानं ऐकलं, पण अशा तऱ्हेनं ऐकायला नको होतं."

क्वाओनं विझलेला पाइप पुन्हा पेटवला. आणि मिम्बाला एकाएकी आठवलं. तिची आई सासूला मामी म्हणायची. चुलीपाशी बसून, रोज. का म्हणायची, हे मिम्बाच्या मनात या जन्मात आलं नव्हतं.

"मग इतकी वर्षं तोंडात काय दगड धरला होतास?" ती खेकसली, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"त्या जहाजात दहा मुलुखांची माणसं होती. कुणाची रीत कुणाला ठाऊक नव्हती. सगळ्यांनी मिळून म्हटलं, आपण भावंडं, आपल्यात लग्नच नको. मी एकटा कोण मोडणारा? पण आता ती सगळी गेली. आपण दोघं म्हणू तो कायदा."

"आणि तू भाऊच राहशील?"

"भाऊ तर आहेच. वर व्याही. भांडायचा हक्क दुप्पट."

शनिवारी दुपारी मागणीचा बेत ठरला. रम असणार म्हणून पाद्रीबाबांना बोलावलं नाही. रीत अशी की मुलाकडच्या थोरल्यानं बाटली आणून मुलगी मागायची, आणि मुलीकडून तिच्या आईच्या मामानं ती द्यायची. आता मुलाचा आजा क्वाओ, आणि मामाही क्वाओच. गाव पोट धरून हसायला जमलं होतं. क्वाओ एका चटईवर बसला, खाकरला, म्हणाला, "मामासाहेब, आमच्या पोराला तुमची पोर द्या." मग गुडघे धरत उठला, समोरच्या चटईवर जाऊन बसला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "पोरगा बरा आहे. आजा मात्र आगाऊ दिसतो."

"लवकर दे की रे मेल्या!" मिम्बा ओरडली. "भात करपतोय."

"दिली," क्वाओ म्हणाला, आणि प्रिसिला इतकी लाजली की एनॉसलाही नवल वाटलं.

मग क्वाओनं बाटली उघडली. आता मुलीकडच्या पूर्वजांची नावं घेऊन जमिनीवर धार सोडायची, तीही मामानंच. तिथं मात्र तो अडला. मिम्बाकडे वाकून हळूच म्हणाला, "आईचं नाव काय होतं गं?"

हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मळ्यावर सगळ्यांचंच दुःख सारखं, कोण कुणाला विचारणार? आणि आपणहून सांगायला जावं तर रडू यायचं. ते नाव आपल्याबरोबरच मातीत जाणार, असं म्हातारी केव्हाचीच धरून बसली होती. तिनं त्याच्या कानात ते सांगितलं.

क्वाओ उठून उभा राहिला. आता त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"अडोमा," तो सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला. "आमची आई अडोमा. तुझी पणती आज चांगल्या घरी चाललीय. ये, घे."

रमची धार मातीत मुरली. रीतीप्रमाणे प्रिसिला आणि एनॉस ते नाव मोठ्यानं म्हणाले, त्यांच्यामागून सगळं गाव म्हणालं, आणि मिम्बा आपल्या भावाचा हात धरून ऐकत राहिली.